सातव्या प्रकरणातला माणूस

दि. ९ मार्च
दुकान, दुपारी अडीच

चि. टिल्ल्या,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. पुढे या पत्रात तुला आशीर्वाद सापडायचा नाही, तेव्हा हाच जपून ठेव.

तुझी पन्नाशी झाली, तंत्रविद्यालयात विभागप्रमुख झालास, लोक तुला सर म्हणतात. मी टिल्ल्याच म्हणणार. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा होता तसाच आहे. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण बारीक अक्षर तिला अजून लागत नाही. दुकानात बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्राची मोटार वाइंडिंगला आली आहे. बेकरीवाला दिवसातून तीनदा येऊन उभा राहतो, जणू त्याच्या बघण्याने तार लवकर गुंडाळली जाणार आहे.

तुझ्या पुस्तकाचे कागद मिळाले. ‘विजेची पहिली ओळख, नवशिक्यांसाठी’. सोबतची चिठ्ठीही मिळाली. ‘ताई, तुझ्यासारख्या सामान्य वाचकाला हे समजतं का, तेवढं पाहा.’ ही चिठ्ठी मी काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. एकतीस वर्षं मी मोटारी उघडते आहे. तुझ्या विद्यालयातून पहिल्या वर्गात पास झालेली माणसं माझ्याकडे येऊन विचारतात, मावशी, ही मोटार नुसती गुणगुणते, फिरत का नाही? आणि मी सामान्य वाचक. असो. सामान्य वाचकाने तुझं पुस्तक वाचलं. एकदा नाही, दोनदा. शिवाय रविवारी सकाळी माझ्या मागच्या खोलीत शिकायला येणाऱ्या सात जणांनाही ते वाचून दाखवलं. त्यांत एक शिवणवाली आहे, एक निवृत्त पोस्टमन आहेत, एक शाळेत स्वयंपाक करणारी बाई आहे. घरातला पंखा बंद पडला तर कोणापुढे हात पसरायला नको, एवढ्यासाठी ती माणसं येतात. पुस्तक त्यांच्यासाठीच आहे ना?

पहिल्या पानावर तू सूत्र दिलंस. शिवणवालीने तिथेच वही मिटली. बाबा काय करायचे, विसरलास? शिकायला येणाऱ्याच्या हातात एक सेल, एक बारका दिवा आणि वीतभर वायर द्यायचे आणि म्हणायचे, लाव. त्यानंतर एक शब्द नाही. माणूस वायरचं एक टोक सेलला लावायचा, दुसरं दिव्याला, आणि दिवा लागत नाही म्हणून सेलला नावं ठेवायचा. अर्ध्या तासाने कधीतरी त्याच्या डोक्यात यायचं की नुसतं जाऊन भागत नाही, परत यायलाही वाट लागते. ती वाट जुळली की दिवा लागायचा आणि त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मग बाबा सांगायचे, आता याला म्हणतात सर्किट. नाव शेवटी. तू नाव आधी देतोस, व्याख्या नंतर देतोस आणि दिवा लावतोस तो तेराव्या पानावर.

दुसऱ्या प्रकरणात तू विजेला पाणी केलंस. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळातून वाहतं ते करंट, अरुंद नळी म्हणजे रेझिस्टन्स. सगळेच असं सांगतात, मीही सांगते. रेटा, वाहणं आणि अडवणूक, एवढं त्यातून चांगलं कळतं. पण पाण्याची गोष्ट कुठे थांबवायची, हे शिकवणाऱ्याला कळायला नको? वाचून झाल्यावर पोस्टमनकाकांनी विचारलं, तुटलेल्या वायरमधली वीज सांडून संपत असेल ना, मग ती उचलून बाजूला ठेवायला काय हरकत आहे? बघ, तुझ्या पुस्तकाने त्यांना काय शिकवलं. नळ फुटला की पाणी दिसतं, पाय ओला होतो, माणूस सावध होतो. वायर तुटली की काहीच सांडत नाही, काहीच दिसत नाही, आणि सगळा रेटा त्या टोकाशी येऊन बसलेला असतो. कोणाचा तरी हात लागून वाट मिळण्याची वाट बघत. हे तू एका ओळीतही लिहिलेलं नाहीस. खुर्चीत बसून लिहिलं की असं होतं, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं.

अर्थिंगचं प्रकरण बरं आहे. फ्यूजचंही. वायर जाड की बारीक हे चित्र काढून दाखवलंस ते शिवणवालीला आवडलं, तिला दोऱ्याचे नंबर आठवले. चांगल्याला चांगलं म्हणायची माझी तयारी आहे.

आता सातवं.

‘सावधगिरी’ हे त्याचं नाव. पहिला परिच्छेद मला पाठ झाला आहे, तरी तुझ्यासाठी उतरवते. ‘माझे वडील वायरमन होते. हातात कला होती, परंतु शास्त्राचा आधार नव्हता आणि सवयीचे ते गुलाम होते. एका घाईच्या क्षणी टेस्टर न लावता त्यांनी होल्डरला हात घातला. त्यांचा निकामी झालेला उजवा हात हाच या प्रकरणाचा पहिला धडा आहे.’ आणि शेजारी चित्र. लोखंडी शिडीवर चढलेला माणूस, खाली ओली फरशी, आणि चित्राखाली दोन शब्द. निष्काळजी कारागीर. त्या माणसाला तू बाबांचा चष्मा घातला आहेस. एक काडी दोऱ्याने बांधलेली, तीसुद्धा सोडली नाहीस.

हे वाचल्यावर मी दुकानाचं शटर ओढलं आणि आत बसून राहिले. बेकरीवाला बाहेरून शटर वाजवत होता, त्याला मी जे बोलले ते लिहीत नाही.

सवयीचे गुलाम? बाबांची सवय काय होती, ते तुला आठवत नसेल तर मी सांगते. बोर्डाशी उभ्या असलेल्या माणसाने ‘बंद केलं’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. फ्यूज उपटायचा, तो चिनीमातीचा तुकडा आणून त्यांच्या तळहातावर ठेवायचा, ते तो सदऱ्याच्या खिशात टाकणार आणि मगच शिडीवर पाय. लोक हसायचे. म्हणायचे, हे वीज खिशात घेऊन काम करतात. हसू देत म्हणायचे. फ्यूज माझ्या खिशात आहे तोवर कोणी कितीही बटणं दाबली तरी माझं काही बिघडत नाही. असा माणूस निष्काळजी, आणि वातानुकूलित खोलीत फळ्यावर रेघा मारणारा तू सावध.

ऐक आता. हे मी तुला सांगू नये असं बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. एकतीस वर्षं मी मूग गिळून बसले. तू ते चित्र काढलंस, तेव्हा त्या वचनातून मी सुटले असं समजते.

ती लाँड्री आठवते? धुण्याची खोली, इस्त्रीची खोली आणि पुढचं काउंटर. तू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतास, सुट्टीत घरी आला होतास, आणि बाबांनी तुला तिथलं वायरिंग एकट्याने करायला दिलं. तुझं पहिलं काम. त्या संध्याकाळी तिन्ही खोल्यांतले दिवे लावून दाखवलेस तेव्हा तुझ्यापेक्षा बाबाच जास्त फुगले होते. दिवे लागले. बटण दाबलं की लागायचे, दाबलं की जायचे. सहा महिने कोणाची तक्रार नाही. मग वाफेने धुण्याच्या खोलीतला होल्डर गंजला, दिवा लुकलुकायला लागला आणि होल्डर बदलायला बाबा आणि मी गेलो. बटण बंद होतं. दिवा विझलेला होता. बाबा शिडीवर चढले, होल्डरला हात घातला, आणि खाली हौदाच्या सिमेंटच्या काठावर पडले. खांदा आणि कोपर, दोन्हींचा चुरा. दोन बोटं भाजलेली. तो हात परत कधी सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांनी मला लाँड्रीत पाठवलं. म्हणाले, बटण बंद ठेव आणि होल्डरमध्ये टेस्टर लावून बघ. लावला. टेस्टर पेटला. बटणाचा डबा उघडला तर आत काळी वायर. टिल्ल्या, तू बटण न्यूट्रलमध्ये टाकलं होतंस. वीज आणणारी लाल वायर सरळ होल्डरला आणि परत नेणारी काळी, म्हणजे न्यूट्रल, बटणातून. तिन्ही खोल्यांत तसंच. परत यायची वाट तोडली की दिवा जातोच. पण जायच्या वाटेवरचा रेटा होल्डरपर्यंत येऊन चोवीस तास बसलेला. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असं नवशिक्याला वाटतं. तुलाही तेव्हा वाटलं असेल. एकोणीस वर्षांचा होतास, मी तेव्हाही दोष दिला नाही.

मी परत येऊन सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तिन्ही बटणं बदलून टाक आणि कुठे बोलू नकोस. टिल्ल्याला कळलं तर तो परत पक्कड हातात धरणार नाही. आणि भेटायला येईल त्याला सांगू लागले, माझीच घाई नडली. तुला सांगितलं, आईला सांगितलं, लाँड्रीवालीला सांगितलं. तेच वाक्य तू आता पुस्तकात घातलंस. बारा वर्षं ते एका हाताने जगले. त्यांचा उजवा हात मी झाले, कारण तू शिकत होतास आणि कोणाला तरी दुकान उघडायला हवं होतं. त्याबद्दलही मी कधी बोलले नाही, आज बोलते. मला राग आहे. तेव्हाही होता. बाबांनी कॉलेज तुला दिलं आणि दुकानातलं स्टूल मला.

आता खरी अडचण. तू फोनवर आईला सांगितलंस की पुस्तकात बाबा आहेत. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझ्यापुढे खुर्ची ओढून बसते आणि मी तिला एकेक प्रकरण वाचून दाखवते. तिला त्यातलं निम्मं कळत नाही, पण लेकाने लिहिलंय म्हणून मान डोलावते. सहावं काल संपलं. मी तिला सांगितलंय की सातव्याचे कागद प्रेसमध्ये राहिले. खोटं बोलायची ही तऱ्हा फार दिवस टिकणार नाही, ती म्हातारी झाली आहे, भोळी नाही.

तेव्हा सातवं प्रकरण बदल. चित्र काढून टाक. पुस्तक छपाईला जायच्या आत नवं पान मला पाठव, म्हणजे मी तिला ते वाचून दाखवीन. नाही बदललंस, तर हे पत्र मी तुझ्या प्रकाशकाला पाठवीन, आणि विभागप्रमुखांनी पहिलं वायरिंग कसं केलं ते तुझ्या विद्यार्थ्यांनाही कळेल. धमकी समज. धमकीच आहे.

नाइलाजाने तुझी,
ताई

⁂

दि. २१ मार्च
घरी, सकाळी

टिल्ल्या,

आज आशीर्वाद लिहीत नाही. देण्याची माझी पात्रता आहे का, ते शेवटी तूच ठरव.

तुझं पत्र आलं. मला वाटलं होतं तू चिडशील, शास्त्र सांगशील, मग मी आणखी चार शब्द सुनावीन. तसं काही नाही. इनमिन सहा ओळी. पहिल्या पाच ओळींत तू लिहिलंस की प्रकरण मागे घेतलं, चित्र फाडलं, दोन दिवस वर्गावर गेला नाहीस, फळ्याकडे बघवत नाही. त्या वाचताना मला समाधान झालं, खोटं कशाला बोलू. भोग म्हटलं थोडं तूही.

मग सहावी ओळ. ‘पण ताई, बटण मी कुठेही टाकलेलं असलं, तरी फ्यूज काढलेला असता तर होल्डरपर्यंत काहीच पोचलं नसतं. त्या दिवशी फ्यूज कुठे होता?’

चांगला मास्तर आहेस. मी तुला उगाच बोलले. सगळं पत्र बाजूला ठेवून नेमका तेवढाच प्रश्न विचारलास. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता, कारण विचारण्याइतकी अक्कल फक्त बाबांना होती, आणि त्यांनी विचारला नाही.

फ्यूज बोर्डावर होता. जागच्या जागी.

त्या सकाळी मी बाबांशी भांडले होते. तुझ्या पुढच्या वर्षाचा विषय निघाला होता. मी म्हटलं, मलाही संध्याकाळच्या वर्गाला नाव घालायचंय, वाइंडिंगचा कोर्स आहे. ते म्हणाले, एक तिकडे गेला, तूही गेलीस तर बोर्डाशी कोण उभं राहणार? त्यावर मी वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. लाँड्रीत पोचलो तर लाँड्रीवाली कटकट करत होती, फ्यूज काढू नका, इस्त्र्या बंद पडतात, आज कपडे द्यायचेत. बोर्ड पुढच्या काउंटरपाशी आणि बाबा आत धुण्याच्या खोलीत. मी बटण दाबलं. आतला दिवा विझलेला मला दारातून दिसला. मला वाटलं, बास झालं की. आणि त्यांच्याजवळ जायचं नव्हतं, त्यांच्या तळहातावर काही ठेवायचं नव्हतं. त्यांचं तोंड बघायचं नव्हतं मला.

त्यांनी आतून विचारलं, ‘काढला का?’

मी तिथूनच म्हटलं, ‘काढला. माझ्या हातात आहे.’

नुसतं ‘बंद आहे’ म्हटलं असतं तर त्यांनी टेस्टर लावला असता. मला बोलावून घेतलं असतं. पण मी काढला म्हटलं. ते क्षणभर थांबले, ते थांबणं मला ऐकू आलं. बहुतेक हात पुढे करून उभे असतील. मग शिडी वाजली. मी रागात आहे हे त्यांना माहीत होतं आणि आणखी बोलून मला दुखवायचं नसेल. तेवढ्या एका दिवसापुरता त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

दवाखान्यात ते शुद्धीवर आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. फ्यूज काढलेला असता तर झटका बसला नसता, हे ज्याने मला शिकवलं त्याला कळणार नाही? माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, होल्डरमध्ये टेस्टर लावून ये. तुझी चूक शोधायला मला पाठवलं, माझी कधी काढली नाही. तुला वाचवायला मला गप्प बसवलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, मागच्या पत्रात तुलाही सांगितलं. मला वाचवायला ते स्वतः गप्प बसले, ते मात्र सांगितलं नाही. तुझी चूक न कळता झाली होती. मी खोटं बोलले होते. पुढच्या महिन्यात त्यांनी डाव्या हाताने माझा त्या वर्गाचा अर्ज भरला. त्या अक्षराकडे मला बघवेना. मी तो फाडला. कॉलेज तुला, स्टूल मला, हे मी लिहिलं ना, त्यातलं स्टूल मी स्वतःच ओढून घेतलं होतं.

हे सगळं मी तुला लिहायच्या आधी आईला सांगितलं. परवा संध्याकाळी ती नेहमीसारखी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, आलं का सातवं? मी हो म्हटलं. हातात कोरे कागद धरून बसले आणि तोंडाने सांगत गेले. आधी तुझं, मग माझं. तिला कळेल अशा शब्दांत, वायर, बटण, फ्यूज. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की हे तुझं लिहिणं नाही. तरी तिने मध्ये तोडलं नाही.

तुला आठवत नसेल, तू होस्टेलवर असायचास, पुढे नोकरीच्या गावी. बाबांना ताटातला घास डाव्या हाताने नीट घेता यायचा नाही, सांडायचं, आणि ती पुसता पुसता म्हणायची, काय नडलं होतं तुम्हाला एवढं घाई करायला. सदऱ्याचं बटण लावून देताना म्हणायची. पाहुण्यांसमोर म्हणायची. बारा वर्षं एक दिवस चुकला नाही. बाबा दर वेळी हो म्हणायचे, चुकलंच माझं. आणि मी त्याच ताटांच्या ओळीत बसून खाली मान घालून जेवायचे.

माझं सांगून झालं तेव्हा तिने माझ्या हातातले कोरे कागद काढून घेतले. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग एवढंच म्हणाली, ‘मी त्यांना शेवटच्या दिवशीसुद्धा बोलले गं. तू तिथेच होतीस.’

मी तिथेच होते. त्यांच्या उशाशी. तेव्हा एक वाक्य बोलले असते तरी त्यांनी ते ऐकलं असतं.

त्यानंतर आई माझ्याशी बोललेली नाही. मी वाढलेलं खात नाही, शेजारणीकडून चहा मागवते. काल तिने स्वतःची पिशवी भरली. बाबांचा फोटो भिंतीवरून काढून लुगड्यांच्या मधे ठेवला. मी पिशवी उचलायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. शनिवारच्या गाडीने ती तुझ्याकडे येते आहे. तिला गुडघ्यामुळे पलंग लागतो आणि रात्री दोनदा उठावं लागतं, बाथरूमचा दिवा चालू ठेव. तुझी चूक तिने ऐकली आहे आणि तुला माफ केलं आहे, शेजारणीला म्हणाली, लेकरू होतं ते. माझ्याबद्दल ती जे म्हणेल ते मला कळवू नकोस.

सातवं प्रकरण काढून टाकू नकोस. नव्याने लिही. बाबांनी हात पुढे केला होता आणि बोर्डाशी उभ्या असलेल्या मुलीने खोटं सांगितलं, असं लिही. चित्र काढायचं तर शिडीवरच्या माणसाचं नको, तिचं काढ. नाव घालायचं असेल तर घाल, माझी हरकत नाही. आणि छापून आलं की आईला तूच वाचून दाखव. शेवटपर्यंत. ती मध्येच उठू लागली तर बस म्हण, तुझं ती ऐकेल.

मागच्या पत्रातली धमकी मी मागे घेत नाही. फक्त ती आता तुझ्या हातात आहे. हे पत्र कोणाला पाठवायचं ते तू ठरव.

मुकाट्याने जेवलेली,
तुझी ताई